आतली शेगडी

लेकीच्या अंघोळीचं पाणी बघायचं काम गेल्या महिनाभरापासून तिच्या बाबाकडे होतं. तो अडीचच्या सुमारास कामावरून यायचा, बूट काढायचा, हात धुवायचा आणि निळ्या टबात तीन बोटं बुडवून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा गंभीर चेहरा करून जाहीर करायचा, "पास!" मग दहा महिन्यांची ती बया दोन्ही हातांनी पाणी बडवायला मोकळी. दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या तिच्या आईला अख्ख्या दिवसात तेवढीच वीस मिनिटं उसंत मिळायची. एरवी काळजी करणं हा तिचा पूर्णवेळ उद्योग होता. खिडकीची कडी, प्लगची भोकं, पोरीच्या मुठीत दडलेलं बटण, सगळीकडे तिची नजर. सासूबाई म्हणायच्या, "हिचा एक डोळा लागला तरी दुसरा उघडाच असतो."

त्या दिवशी त्याने "पास!" म्हटलं आणि लेकीला टबाकडे नेलं. तिने काही कारण नसताना, निव्वळ सवयीने, वाकून आपलं कोपर पाण्यात घातलं आणि किंचाळली.

"अरे, वर घे! पोरीला वर घे आधी!"

"काय झालं?"

"काय झालं काय? कढत आहे पाणी! भाजली असती ना ती!"

तिकडून सासूबाई धावत आल्या. "पडली का? कुठे लागलं? अगं, कुणीतरी बोला!"

"कुणी पडलं नाही, आई. तुमचे चिरंजीव सूप करत होते नातीचं."

"मला तर कोमटच लागलं," तो म्हणाला, आणि खरंखोटं करायला त्याने पुन्हा तीच तीन बोटं पाण्यात घातली. घातली आणि तशीच ठेवली. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पापणी हलली नाही, ओठ आवळला नाही. तिचं कोपर अजून चुरचुरत होतं आणि हा आपला तळ्यात पाय सोडून बसल्यासारखा शांत.

"काढ हात," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज असा खाली आला की घरात सगळे गप्प व्हायचे. "दाखव."

तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. चारही बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी, नखांच्या मुळाशी निळसर झाक. तिने मधल्या बोटाच्या टोकाला चिमटा काढला. त्याला कळलं नाही. तिने जोरात काढला. तो म्हणाला, "दाबतेस का?"

"किती दिवस झाले?"

"आठदहा दिवस असतील. शर्टाचं बटण पटकन लागत नाही. मला वाटलं, वय झालं."

"एकतीस वर्षांचा आहेस!"

सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं आणि दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "त्या गोळ्यांमुळे तर नाही ना रे?"

"छे! गोळ्यांनी तर उलट थंडी वाजेनाशी झालीये," तो म्हणाला.

त्या गोळ्या घे म्हणून सांगणारी तीच होती.

तो शीतगृहात होता. गावाच्या टोकाला विमान मावेल एवढी पत्र्याची इमारत. आत उणे बावीस. गोठवलेले वाटाणे, मासे, आइस्क्रीम, पिझ्झाचे तळ, सगळं मजल्यामजल्यांच्या मांडण्यांवर रचलेलं, आणि त्यातून खोके उतरवून, त्यावर चिकटपट्ट्या लावून बाहेर धाडणारी तीस माणसं. सकाळच्या पाळीची वेळ सहा ते तीन. पण नऊ तास काही सलग आत काढायचे नसत. पाऊण तास आत, पाव तास बाहेर, असा तिथला रिवाज होता, आणि तो पाव तास ज्या खोलीत काढायचा तिला सगळे 'उबेची खोली' म्हणत. फाटकाला लागून, तीन बाजूंना बाकं, मधे हीटर, भिंतीवर घड्याळ. त्या खोलीत एका माणसाचा दरारा होता. बावीस वर्षं तिथेच काढलेले एक काका, ज्यांना अख्खं शीतगृह घड्याळकाका म्हणायचं. पाव तास भरल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत. शिवाय आत जाता जाता प्रत्येकाच्या अंगठ्याचं नख दाबायचे. दाबलं की नख पांढरं पडतं. सोडल्यावर "एक, दोन" म्हणेपर्यंत गुलाबी झालं तर जा, नाही झालं तर बस खाली. तिथले साहेबही काकांपुढे हात पुढे करून आत जात, असं तिच्या नवऱ्याने तिला लग्नानंतर कौतुकाने सांगितलं होतं.

मग गोळ्या आल्या. कंपनीने फुकट दिल्या, प्रत्येकाला महिन्याची डबी. डबीवर एक हिरवं पान आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'आतली शेगडी पेटवा! शंभर टक्के वनस्पतीजन्य.' नवऱ्याने डबी आणून तिच्यापुढे ठेवली. "तुझ्या खात्यातलं आहे. बघ जरा, घेऊ का?"

ती वनस्पतीशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली. त्या पदवीचा लग्नानंतर एवढाच उपयोग झाला होता की कुंडीतलं रोप मेलं की ते का मेलं हे तिला शास्त्रशुद्ध सांगता यायचं. तिने डबी उलटीपालटी करून बारीक अक्षरं वाचली. एका झाडाच्या बियांचा अर्क, आल्याच्याच कुळातल्या. आणि मिरचीच्या एका न झोंबणाऱ्या जातीतलं एक द्रव्य. अशी द्रव्यं शरीरातल्या तपकिरी चरबीला चाळवतात आणि ती चरबी जळून ऊब देते, हे तिने कधीतरी वाचलंही होतं. तपकिरी चरबी तर तिच्या जिव्हाळ्याची. बाळंतपणात दिलेल्या पुस्तिकेत होतं की तान्ही बाळं थंडीने कुडकुडत नाहीत, त्यांच्या खांद्यांमधे ही चरबी असते, देवाने विणून दिलेलं आतलं स्वेटर. ती कितीतरी दिवस लेकीच्या मानेखाली हात फिरवून ते स्वेटर चाचपायची.

"अरे, आल्याच्या घरातलंच आहे," ती म्हणाली होती. "घे बिनधास्त."

"चला, त्या झाडापाल्याच्या पुस्तकांचं चीज झालं," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि तिला अगदी आतून बरं वाटलं होतं.

गोळी खरंच काम करायची. घशातून पोटापर्यंत निखारा उतरल्यासारखं व्हायचं, कान लाल, कपाळाला घाम. पहिल्या आठवड्यात पाव तासाची दहा मिनिटं झाली, दुसऱ्या आठवड्यात पाच. मग साहेबांनी हिशेब मांडला: थंडी वाजतच नाही तर बसायचं कशाला? त्यापेक्षा सलग काम करा, मधे एक जेवणाची सुट्टी, आणि तीनऐवजी दोनला घरी जा. कोण नको म्हणेल? तिच्या नवऱ्याला पोरगी जागी असताना भेटायला लागली. अंघोळीचा मान त्याला मिळाला तो असा. उबेच्या खोलीत चिकटपट्ट्यांच्या रिळांचे खोके रचले गेले. एकटे काका गोळी घेईनात, त्यांना पित्ताचा त्रास. "काका, तुमची शेगडी विझली वाटतं," म्हणून पोरं त्यांना चिडवायची.

हे सगळं तिला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते त्या दुपारी बाथरूमच्या दारात कळलं.

"हातमोजे घालतोस ना? दोन्ही?"

"वरचे घालतो. आतले नाही घालत आता. दोन दोन घातले की चिकटपट्टीचं टोक सापडत नाही. आणि गरज काय? घाम येतो गं हातांना."

"हातांना घाम येतो, की तुला घाम येतो?"

तो विचारात पडला. "मला," तो म्हणाला.

"आणि बाकीचे?"

"कुणीच नाही घालत. काका सोडून."

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं बघितली, सुई टोचून बघितली आणि चष्मा काढून ठेवला. "आत्ता वेळेवर आलात. नसा गारठल्यात, हळूहळू येतील. पण पुन्हा गोठू दिलीत तर टोकं काळी पडतील, आणि काळं झालेलं बोट मी परत आणू शकत नाही. कळलं?"

"कळलं," दोघं एकदम म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोरीला पाजत होती तेवढ्यात तो डबा घेऊन निघालाच. दारातून म्हणाला, "दोन्ही मोजे घालतो, शपथ. एकट्याने सुट्टी घेतली तर बाकीचे हसतील." हसतील! बोटं गळून पडली तर चालतील, पण पोरं हसता कामा नयेत. पोरगी अंगाला लुचलेली, म्हणून तिला उठून त्याची कॉलर धरता आली नाही.

पण फोन हाताशी होता. डबीतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'संशोधनाने सिद्ध', आणि पुढे त्या संशोधनाचा क्रमांक. तिने एका हाताने तो शोधला आणि पोरगी झोपेपर्यंत ते अख्खं सात पानी प्रकरण वाचून काढलं. दीड महिन्यापूर्वी वाचायला हवं होतं ते. वाचता वाचता आधी तिला स्वतःची लाज वाटली, मग तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग कुठल्याही गोळीची नव्हती.

दुपारची जेवणं उरकताच ती सासूबाईंना म्हणाली, "आई, पोरीला बघाल का दोन तास? मला जायचंय."

"कुठे?"

"भांडायला."

सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग ती दुसरी चप्पल घाल. ही वाटेत तुटेल."

शीतगृहाच्या कचेरीकडे जाणाऱ्या बोळात सूचनाफलक होता. ती त्याच्यापुढून पार पुढे गेली, थांबली आणि परत आली. सुट्ट्यांची यादी, आग लागल्यास काय करावं, आणि मधोमध चकचकीत कागदावर ते हिरवं पान. त्याखाली अवतरणचिन्हांत छापलं होतं:

'आल्याच्या घरातलंच आहे. घ्या बिनधास्त!' खाली: 'आपल्या एका सहकाऱ्याच्या वनस्पतीशास्त्रज्ञ पत्नी.'

तिला एकदम आपल्या स्वयंपाकघराला कुणीतरी भोक पाडून कान लावल्यासारखं वाटलं. म्हणजे नवऱ्याने कौतुकाने कुणाला तरी सांगितलं असणार, त्याने साहेबांना, आणि साहेबांनी 'घे'चं 'घ्या' करून भिंतीवर चिकटवलं. आणि शास्त्रज्ञ! घरात कुंडीतली वाळून मेलेली रोपं, आणि इथे ती शास्त्रज्ञ. तीस माणसं रोज पहाटे हे वाचून हातमोजे काढत होती. तिने कागदाच्या चारही टाचण्या उपटल्या, एक बोटाला टोचली, रक्त आलं, बरं वाटलं. कागद हातात घेऊन ती साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेब चाळिशीतले, हसतमुख, टेबलावर तीच डबी. "या या, बसा मॅडम. चहा?"

"चहा नको. हे कुणी छापलं?"

त्यांनी कागद ओळखला आणि आणखी खुलले. "अहो, तुम्हीच का त्या! तुमचं वाक्य फार चाललं. आधी लोक घ्यायलाच तयार नव्हते, संशय घ्यायचे. मग म्हटलं, आपल्या घरचं माणूस बोललं की पटतं."

"मला विचारलंत?"

"आता चांगल्या गोष्टीला काय विचारायचं?"

"माझ्या नवऱ्याच्या बोटांना काल कढत पाणी लागलं नाही. दहा महिन्यांच्या पोरीला तो त्यात बुडवत होता. ही तुमची चांगली गोष्ट."

साहेबांचं हसू जरा आखडलं. "अरेरे. पण मॅडम, त्याचा गोळीशी संबंध नसणार. नैसर्गिक आहे ती. साइड इफेक्ट शून्य. मी स्वतः रोज घेतो."

"या खोलीत?"

"हो."

"इथे एसी कितीवर आहे?"

त्यांनी नकळत रिमोटकडे बघितलं. "चोवीस."

"मग तुमची बोटं शाबूत राहतील," ती म्हणाली आणि पिशवीतून ते संशोधन काढलं. कोपऱ्यावरच्या दुकानात छापून आणलं होतं, जागोजागी पेनाने रेघा. "हे तुम्ही वाचलंत?"

"आमच्या सप्लायरने सारांश दिला होता."

"मी पूर्ण वाचलं. बारा माणसं. तरुण, धडधाकट. त्यांना पातळ कपड्यांत खुर्चीवर बसवलं, दोन तास, नुसतं. खोलीचं तापमान एकोणीस. शून्याखाली नाही साहेब, शून्याच्या वर एकोणीस! एकोणीसला माझी सासू पंखा लावते. त्या बारांतल्या सात जणांच्या अंगात जराशी जास्त ऊब तयार झाली. पाच जणांच्या काहीच नाही, कारण ती तपकिरी चरबी मोठ्या माणसांत उरली तर थोडी उरते, कुणात तेवढीही नाही. आणि शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच सरळ लिहिलंय, हातापायांचं तापमान आम्ही मोजलेलं नाही. ज्यांनी शोध लावला ते खोटं बोललेले नाहीत. त्या झाडाने तर कुणाला काही सांगितलंच नाही. मग एकोणीसचं उणे बावीस कुणी केलं?"

"हे बघा, आम्ही पद्धतशीर पाहणी केलीय." साहेबांनी खणातून फॉर्मांचा गठ्ठा काढला. "दर आठवड्याला प्रत्येकाला विचारतो. 'थंडी वाजते का?' तीस फॉर्म, एकोणतीस 'नाही'. तुमच्या मिस्टरांचाही नाहीच. सही आहे."

"नाहीच म्हणणार ना! पोटात मिरची पेटल्यावर कुणाला थंडी वाजेल? थंडी वाजायची तेव्हा ते बाहेर पळायचे, हात चोळायचे, बसायचे. तुम्ही ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबलात आणि लिहून घेतलंत की आता कुणी ओरडत नाही!"

बोलताना तिचा आवाज थरथरत होता, आणि तो थरथरतोय याचा तिला आणखी राग येत होता. साहेबांनी ते हेरलं. ते मऊ झाले. मऊ झालेला साहेब तिला चढलेल्या साहेबापेक्षा जास्त भीतीदायक वाटला.

"ताई, तुमचं लहान बाळ आहे, तुमची काळजी मी समजू शकतो. असं करू. तुमच्या मिस्टरांना उद्यापासून बाहेरच्या गोदामात घेतो. साधं तापमान. दोनलाच सुट्टी. झालं समाधान?"

झालं होतं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिचं अगदी पूर्ण समाधान झालं. बोटं वाचली, अंघोळही वाचली. तिला वाटलं, उठावं, 'थँक्यू' म्हणावं, आणि पोरगी उठायच्या आत घरी पोचावं. ती उठलीसुद्धा. आणि उठताना मांडीवरचा तो चकचकीत कागद घरंगळून जमिनीवर पडला, वाक्य वर करून.

"द्या बदली," ती म्हणाली. "आणि कारण लिहा. 'बोटं बधिर झाल्यामुळे.' एवढंच लिहा आणि ते फलकावर लावा, याच्या जागी."

"तसं लिहिता येत नाही. तसं लिहिलं तर प्रत्येक जण..."

"प्रत्येक जण काय?"

साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "मला एक मीटिंग आहे."

"मला पण," ती म्हणाली.

दोनला पाळी सुटली. कपडे बदलायच्या हॉलमधे एकेक जण येऊ लागला, लालबुंद चेहरे, भुवयांवर हिम, आणि सगळे कसे मजेत. कपाटांच्या रांगेपुढे एक बाई उभी आहे हे बघून पहिले दोघं अर्धवट काढलेल्या विजारी धरून तसेच मागे फिरले. हशा पिकला. मग तिच्या नवऱ्याने तिला पाहिलं आणि त्याचा लाल चेहरा आणखी लाल झाला.

"तू इथे काय करतेस?"

"तुझ्याशी नंतर बोलते. मोजे घातलेस?"

"घातले. दहापर्यंत घातले." तो पुटपुटला. "मग पट्टी निघेना."

तिने डोळे मिटले, उघडले आणि हातातला कागद वर धरला. घरून ठरवून आणलेलं भाषण केव्हाच विसरलं होतं. "हे वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "मी वनस्पतीशास्त्रज्ञ नाही. पदवीधर आहे, घरी असते. मी डबीवरच्या चार ओळी वाचून नवऱ्याला म्हटलं, घे. तुम्हाला नव्हतं म्हटलं, पण ते राहू दे. मी चुकले. ही गोळी तुम्हाला गरम वाटायला लावते. तुमची बोटं गरम करत नाही. काल याच्या हाताला कढत पाणी कळलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा गोठली तर कापावी लागतील."

मागून एक आडव्या बांध्याचा गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणत, पुढे आला. "वहिनी, एक बोलू? याची बोटं नाजूक असतील. आम्हाला काही होत नाही. एक तास लवकर घरी जातोय ते कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं म्हणजे झालं!"

"खरंय," दुसरा म्हणाला. "गोळ्या बंद झाल्या की परत तीन वाजणार. तुम्ही याल का आमच्या पोरांना शाळेतून आणायला?"

हा टोला मात्र तिला लागला. कारण तीनचे साडेतीन होणार, लेक झोपलेली असणार, 'पास!' म्हणणारं कुणी नसणार, हे तिलाही दिसत होतं. ती काही बोलायच्या आत तिचा नवरा म्हणाला, "माझीही पोरगी आहे, पैलवान. काल मी तिला भाजणार होतो." मान खाली घालूनच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुझी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?" हा आवाज कोपऱ्यातून आला. दोन दोन हातमोजे काढत घड्याळकाका बाकावर बसले होते. "पैलवान, इकडे ये. हात आण."

"काका, आता हे कशाला?"

"आण म्हणतो ना. मी काही तुझं लग्न लावत नाही."

लोक हसले. पैलवानाने हसत हसत अंगठा पुढे केला. काकांनी नख दाबलं, सोडलं. "मोजा रे." दोघातिघांनी गमतीने सुरू केलं, एक, दोन. नख पांढरंच. तीन, चार. मोजणारे आवाज कमी झाले. पाच. सहा. सातला कडेने जरा रंग चढला, आठ-नऊला नख कसंबसं फिकट गुलाबी झालं. पैलवान आपल्या अंगठ्याकडे दुसऱ्याच्या अंगठ्याकडे बघावं तसा बघत होता.

"महिना झाला मी कुणाचं नख बघितलं नाही," काका म्हणाले. "तुम्ही थांबत नव्हता आणि मी पण मग म्हटलं, मरा. माझंही चुकलं. चला, दुसरा कोण?"

दुसरा आला. मग कुणी बोलावलं नाही तरी एकमेकांचीच नखं दाबायला लागले. हॉलभर हलक्या आवाजात आकडे ऐकू येत होते, आणि कुणाचाच आकडा दोनवर थांबत नव्हता. एकाचा अकरावर गेला. तो चोवीस-पंचवीसचा पोरगा मटकन खालीच बसला.

"हीटर चालू आहे का अजून?" कुणीतरी विचारलं.

"खोक्यांमागे आहे."

एवढंच. कुणी घोषणा दिली नाही की कुणी नेता झाला नाही. पैलवानाने उबेच्या खोलीचं दार खांद्याने ढकललं आणि चिकटपट्ट्यांचे खोके बाहेर यायला लागले, या हातातून त्या हातात, साहेबांच्या कचेरीच्या बोळात रचले गेले, थेट त्या फलकापर्यंत. तिच्या नवऱ्यानेही एक खोका उचलायला हात घातला.

"तू नाही," ती म्हणाली. "तू बस."

तो बसला. बाकावर, भिंतीला टेकून. हीटरची लाल जाळी हळूहळू तापली. त्याने हात पुढे केले तसे काका खेकसले, "जाळीपाशी नको! भाजलं तरी कळायचं नाही तुला. काखेत घाल." पाच मिनिटांत बाकं भरली, उरलेले उभे राहिले, आणि हातांची घडी घातलेल्या शाळकरी पोरांसारखी तीस धडधाकट माणसं काखेत हात घालून गप्प बसली. दोनला कामाला लागायची दुसरी पाळी आत न जाता फाटकाशी खोळंबली होती. त्यातले काही आत डोकावून बघत होते, एकाने स्वतःचं नख दाबून पाहिलं.

ती नवऱ्याशेजारी बसली होती. छाती जड झाली होती, पोरीची पाजायची वेळ टळून गेली होती, घरी सासूबाई तिला चमच्याने काहीतरी भरवत असतील. राग उतरला नव्हता. या माणसांची कीव आली होती, स्वतःची शरम वाटत होती, पण त्या दोन्हींच्या खाली राग तसाच धगधगत होता, आणि तो कमी होऊ नये असंच तिला वाटत होतं.

दहाएक मिनिटांनी नवऱ्याचा श्वास एकदम आत गेला. त्याने दात आवळले. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय होतंय?"

"दुखतंय. आई गं... सुया टोचल्यासारखं."

"कुठे? कुठल्या बोटात?"

"या. या पण. आणि मधल्या." तो थांबला, आत कुठेतरी कान लावल्यासारखा. "करंगळीत नाही."

"बघ नीट."

"बघतोय. नाही."

तिने त्याची करंगळी काखेतून काढून आपल्या दोन्ही तळव्यांत घेतली. ती गार होती, लहान होती, आणि अगदी परकी लागत होती. दार उघडलं. साहेब उंबऱ्यावर उभे, फोन कानाला, मागे बोळातली गार हवा.

"हे काय चाललंय? फाटकाशी तीन ट्रक उभे आहेत! किती वेळ बसणार आहात?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर केली, पण उत्तर तिने दिलं.

"आत या नाहीतर बाहेर जा," करंगळी न सोडता ती म्हणाली, "पण दार लावा. ऊब जातेय."

साहेब बाहेर गेले. दार काही त्यांनी लावलं नाही. ते पैलवानाने उठून लावलं.